समोरच्या भिंतीवरचे चार पट्टे

समोरच्या घराच्या भिंतीवर, खिडकीच्या उजव्या अंगाला, पिवळ्या रंगाचे चार पट्टे ओढलेले होते. पहिला हळदीसारखा, दुसरा आमरसाच्या रंगाचा, तिसरा जरा मातकट, आणि चौथा इतका फिका की भर उन्हात भिंतीतच मिसळून जायचा. ऑक्टोबरचा पहिला आठवडा होता. पाऊस नुकताच उघडला होता आणि घरांच्या पायथ्याशी अजून शेवाळाची हिरवी कड होती. आमच्या खोलीची खिडकी आणि ती भिंत यांच्यामध्ये एक मोटार जेमतेम जाईल एवढीच गल्ली. ताईनं हातातली पिशवी खाली ठेवायच्या आधी खिडकी उघडली, पट्टे पाहिले आणि म्हणाली, ‘‘तिसरा घेतील बघ. जुन्या घराला तोच शोभेल.’’

पुढचे तीन दिवस आम्हा दोघींना तो उद्योगच होऊन बसला. सकाळी चहा घेताना पट्टे, दुपारी पडदा ओढताना पट्टे, रात्री गल्लीतल्या दिव्याखाली पट्टे. आणि दर वेळी निराळाच उजवा वाटायचा. मी आजवर बऱ्याच हॉटेलांत राहिले, पण समोरच्या घराला कोणता रंग लागणार याचा घोर मला कधी लागला नव्हता.

पणजीच्या या भागाचं नाव फोंताइन्हास. ‘लहानसे झरे’ असा त्या पोर्तुगीज शब्दाचा अर्थ. एका बाजूला आल्तिनोची टेकडी, दुसऱ्या बाजूला मांडवीला जाऊन मिळणारी ओरेंची खाडी, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत एकमेकांना खेटून उभी असलेली कौलारू घरं. कदंबा बसस्थानकावर उतरलात तर खाडीवरचा पूल ओलांडून चालतच पोहोचता येतं. आम्ही मुंबईहून कोकणकन्येनं आलो आणि करमळीला उतरलो. मडगावपर्यंत न जाता करमळीला उतरावं, असं मी मुद्दाम सांगेन. कारण तिथून पणजीला येणारा रस्ता आधी जुन्या गोव्यातून जातो आणि मग रायबंदरला येतो. रायबंदर ते पणजी हा सुमारे तीन किलोमीटरांचा दगडी बांध १६३३-३४ मध्ये लिन्यारिस या व्हाइसरॉयच्या कारकिर्दीत बांधला गेला. आजही वाहनं त्याच बांधावरून धावतात. उजव्या हाताला मांडवी, डाव्या हाताला पावसाच्या पाण्याखाली गेलेली मिठागरं, आणि समोर हळूहळू वर येणारं गाव. राजधानी याच वाटेनं सरकत आली, हे त्या दहा मिनिटांत डोळ्यांना कळतं. जुन्या गोव्यात रोगराईनं माणसं टिकेनात, तेव्हा १७५९ मध्ये व्हाइसरॉयनं मुक्काम पणजीला हलवला. १८४३ मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली. मधल्या काळात इथली दलदल बुजवली गेली, सरळ रस्ते आखले गेले, आणि सरकारी नोकरदारांनी टेकडीच्या पायथ्याशी घरं बांधायला घेतली.

त्याच्याही आधी इथं माडांची बाग होती. आन्तोनियो जुआंव द सिकैरा नावाच्या गृहस्थाची. तो मोझांबिकमध्ये पैसा कमावून आलेला, म्हणून लोक त्याला ‘मोस्मीकार’ म्हणत. फोंताइन्हासला लागून असलेल्या वाड्याचं नाव आजही ‘मळा’ आहे. पोर्तुगीज नाव झऱ्यांची आठवण ठेवतं, आपलं नाव बागायतीची.

इथं मी पहिल्यांदाच येत नव्हते. सहा वर्षांपूर्वी मैत्रिणींबरोबर याच गल्ल्यांतून दीड तास फिरले होते. हातात फोन, डोक्यावर टोपी, आणि प्रत्येक निळ्या-तांबड्या दारासमोर थांबणं. एका निळ्या घराच्या पायरीवर मी बसले, मैत्रीण फोटो काढायला लागली, आणि माझ्या डोक्यामागची खिडकी आतून कोणीतरी बंद केली. आपटली नाही, शांतपणे ओढून घेतली. कडी लावल्याचा आवाज मात्र स्पष्ट आला. मी कुणाच्या तरी घरात, कुणाच्या तरी दुपारच्या झोपेत जाऊन बसले होते, हे मला त्या कडीनं सांगितलं. या गल्लीत पुन्हा यायचं तर राहायला यायचं, हे तेव्हाच मनाशी धरलं होतं.

आमचं हॉटेल म्हणजे आठ खोल्यांचं दुमजली घर. खाली जांभ्या दगडाची रुंद भिंत, वर लाकडी तक्तपोशी, त्यावर मंगळुरी कौलं. जिन्याच्या तोंडाशी एक जुनं कौल उलटं करून ठेवलं होतं. त्यावर कारखान्याचं नाव उठलेलं अजून वाचता येत होतं. अशी कौलं करण्याचा पहिला कारखाना मंगळूरला बासेल मिशननं १८६५ मध्ये काढला, आणि तिथून ती गलबतांनी साऱ्या कोकणपट्टीत पसरली. ताईनं कौलावरून हात फिरवला. आमच्या राजापूरच्या घरावर अशीच कौलं होती, आणि लहानपणी पावसाआधी ती फिरवायला माणूस आला की आम्ही खाली उभ्या राहून फुटकी मोजायचो.

व्यवस्था पाहणारे गृहस्थ साठीचे, आम्ही त्यांना काका म्हणायचो. आमच्याशी मराठी बोलायचे, पण वाक्याचा शेवट कोंकणी हेलानं वर जायचा. त्यांनी जड पितळी चावी हातात दिली. ‘‘दार जरा उचलून धरा, बाई, मग कुलूप लागतं. पावसात लाकूड फुगलंय.’’ चावी फिरवताना मला एकदम जाणवलं, की या खोलीचं निम्मं सामान मी पोर्तुगीजमधून आलेल्या शब्दांनी मोजते आहे. चावी, बिजागरी, अलमारी, साबण, बालदी. चारशे-साडेचारशे वर्षांत हे शब्द इतके आपले झाले, की घरी बोलताना ते पाहुणे आहेत याची शंकाही येत नाही. खिडकीला मात्र आपण खिडकीच म्हणत राहिलो. कोंकणीनं ‘जनेल’ घेतलं.

आणि त्या जनेलाबद्दल थांबून लिहायलाच हवं. आमच्या खोलीच्या एका खिडकीला काचा नव्हत्या. लाकडी पट्ट्यांच्या चौकटीत तळहातापेक्षा लहान, चौकोनी कापलेले शिंपले एकावर एक जरा चढवून बसवले होते. काच महाग आणि दुर्मीळ होती, त्या काळात गोव्यातल्या घरांना आणि चर्चना अशीच तावदानं लागत. हा शिंपला चपटा, अभ्रकाच्या पत्र्यासारखा. बाहेरचं ऊन त्यातून आत येतं ते दुधाळ होऊन. प्रकाश येतो, झळ येत नाही, आणि आतलं माणूस बाहेरून दिसत नाही. जवळून पाहिलं तर प्रत्येक तुकड्यात झाडाच्या बुंध्यासारख्या बारीक वर्तुळांच्या रेषा दिसतात. एका कोपऱ्यातला तुकडा गेला होता आणि तिथं साधी काच बसवली होती. दुपारी तेवढ्याच चौकोनातून उन्हाचा एक धारदार तुकडा जमिनीवर पडायचा. ‘‘नवा शिंपला मिळत नाही,’’ काका म्हणाले. हा प्राणी आता वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे. चिखलीच्या खाडीत त्याची वसाहत आहे आणि ती वाचवण्यासाठी गोव्यातले लोक झगडलेले आहेत. म्हणजे जुन्या खिडक्या आहेत तेवढ्याच. फुटेल तो तुकडा गेला. मला ती साधी काच फार आवडली. खोटा शिंपला करून लावण्यापेक्षा ती प्रामाणिक होती.

अशा हॉटेलाला ‘बुटीक हॉटेल’ म्हणतात खरं, पण हा शब्द आपल्याकडे फार सैल हातानं वापरला जातो. भिंतीवर दोन चित्रं आणि न्हाणीघरात वेताची टोपली ठेवली की झालं बुटीक. शब्दाचा जन्म तसा अलीकडचा. १९८४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये इयान श्रेगर आणि स्टीव्ह रुबेल या दोघांनी ‘मॉर्गन्स’ नावाचं हॉटेल काढलं. मोठी हॉटेलं सगळं काही विकणाऱ्या भव्य दुकानांसारखी, तर आपलं एका चवीनं निवडक माल ठेवणाऱ्या छोट्या दुकानासारखं, अशी तुलना रुबेलनं केली आणि नाव पडलं. फ्रेंच ‘बुटीक’ म्हणजे छोटं दुकान, पोर्तुगीज ‘बोतिका’ म्हणजे औषधाचं दुकान. दोघांचं मूळ कोठार या अर्थाच्या एकाच ग्रीक शब्दात आहे. माझ्या मते व्याख्येतलं महत्त्वाचं पद ‘निवडक’ हे आहे. काय ठेवलं यापेक्षा काय ठेवलं नाही, यावर असं हॉटेल ओळखावं. आमच्या खोलीत टीव्ही नव्हता. शिसवी पलंग, लांब हातांची एक आरामखुर्ची, जिला गोव्यात ‘वोल्तेर’ म्हणतात, पांढऱ्या सुती चादरी, लाल कोब्याची जमीन, आणि भिंतीवर निळ्या-पांढऱ्या आझुलेजूंची, म्हणजे पोर्तुगीज धाटणीच्या रंगीत फरशांची, एकच चौकट. बस. पण त्या आरामखुर्चीचं वेतकाम नव्यानं विणलेलं होतं आणि विणकर चांगला होता. एकही टोक बोटाला टोचत नव्हतं. देखणेपण म्हणतात ते मला तिथं सापडलं.

जुन्या घराचं हॉटेल करण्याची वाट इथं पहिल्यांदा दाखवली ती ‘पंजिम इन’नं. एकोणिसाव्या शतकातल्या मोठ्या घराचं हॉटेल झालं. पुढं जवळच्याच, मधोमध चौक असलेल्या एका हिंदू घराचं ‘पंजिम पौसादा’ झालं आणि एका जुन्या शाळेच्या इमारतीचं ‘पंजिम पीपल्स’. घर, चौक आणि शाळा या तिन्ही वास्तू पाडून तिथं चार-पाच मजले चढवणं केव्हाही जास्त फायद्याचं ठरलं असतं. केंद्र सरकारच्या पर्यटन खात्याच्या नियमात ‘हेरिटेज हॉटेल’ म्हणवून घ्यायला वास्तू १९५० पूर्वीची लागते आणि दर्शनी रूप जपावं लागतं. पण सरकारी शिक्क्याच्या आधी कोणाला तरी वाटावं लागतं, की हे घर उभं राहिलं पाहिजे. वारस लिस्बनला, टोरांटोला, मुंबईला, घराला कुलूप, कौलातून पाणी, तुळयांना वाळवी. गोव्यात अशी कितीतरी घरं डोळ्यांदेखत बसली. ज्या घरात रोज चादरी बदलतात, त्या घराची कौलंही दर वर्षी फिरवली जातात. मी भाडं भरते त्यातला काही भाग त्या कौलांना जातो, या विचारानं मला बरं वाटतं, आणि ते लपवायचं कारण नाही.

तरी अशा ठिकाणी जाणाऱ्यानं काही गोष्टी आधी विचारून घ्याव्यात. जिना लाकडी आणि उभा असतो, लिफ्ट नसते. गुडघे दुखत असतील तर तळमजल्यावरची खोली मागावी. ताईसाठी मी ती मागितली होती, पण तिनं वरची पाहिली आणि ‘चढेन गं सावकाश’ म्हणून तिथंच बसकण मारली. खोली गल्लीच्या अंगाला आहे की मागच्या, हे विचारावं. पुढं गंमत, मागं झोप. तक्तपोशीतून वरच्या माणसाची पावलं ऐकू येतात, म्हणून हलकी झोप असणाऱ्यानं वरचा मजला घ्यावा. न्हाणीघर मागाहून बसवलेलं असतं, ते कधी लहान तर कधी दोन पायऱ्या उतरून असतं. मोटार घेऊन येणाऱ्यानं ती कुठं लावायची याची चौकशी करावी, कारण गल्लीत जागा नाही आणि कुणाच्या दारात लावणं हा तिथल्या लोकांवर अन्याय आहे. नाताळात भाडी चढतात आणि खोल्या काही महिने आधीच जातात. मला विचाराल तर पाऊस उघडल्यानंतरचे दोन-तीन आठवडे. हवा दमट असते, पण टेकडी हिरवीगार असते आणि घरं नव्यानं नटत असतात.

कारण पाऊस संपला की घर रंगवायचं, हा इथला जुना परिपाठ. मुसळधार पावसात चुन्याचा गिलावा धुऊन निघतो, काळा पडतो. पूर्वी चुन्यातच पिवडी, नीळ, गेरू घालून रंग करत. हल्ली बहुतेक जण डब्यातले आणतात. पांढरा रंग मात्र चर्च-चॅपेलांचा. घरानं रंग घ्यावा, पांढऱ्यावर हक्क सांगू नये, असा संकेत होता, असं काकांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी समोरच्या घरापाशी रंगारी आला. आधी त्यानं पत्र्याच्या तुकड्यानं जुना रंग खरवडायला घेतला. ताई खाली उतरली, त्याच्याशी बोलली, आणि मुठीत काहीतरी घेऊन वर आली. रुपयाएवढी खपली होती. कडेनं पाहिली तर थर मोजता येत होते. वर उडालेला पिवळा, त्याखाली गुलाबी, मग पुन्हा पिवळा, मग गडद निळा, आणि तळाशी चुन्याचा पांढरा. बेबिंक हा थराथरांचा गोड पदार्थ कापल्यावर दिसतो तसा तो काप होता. त्या घराचे सगळे पावसाळे तिच्या तळहातावर आले होते. तिनं ती खपली कागदाच्या पुडीत घालून चष्म्याच्या डबीत ठेवली.

संध्याकाळी आम्ही फिरायला निघायचो. फिरणं म्हणजे तरी किती. अर्ध्या तासात सगळं पालथं घालता येतं, म्हणून आम्ही मुद्दाम दीड-दोन तास लावायचो. मुख्य रस्त्याचं नाव ‘रुआ ३१ द जानैरु’. १८९१ मध्ये त्या तारखेला पोर्तुगालच्या पोर्तू शहरात राजेशाहीविरुद्ध पहिला प्रजासत्ताकवादी उठाव झाला, त्याची ही आठवण. पणजीतच दुसरा एक मोठा रस्ता ‘१८ जून’ नावाचा आहे. १९४६ मध्ये त्या दिवशी राममनोहर लोहियांनी मडगावला सभा घेऊन पोर्तुगीज सत्तेला आव्हान दिलं. एका गावात दोन तारखांचे दोन रस्ते, एक पोर्तुगालमधल्या स्वातंत्र्याच्या ओढीचा आणि एक पोर्तुगालपासून स्वातंत्र्य मागणारा. मला हे फार बोलकं वाटतं. दोन्ही पाट्या जपून ठेवल्या आहेत, हेही.

गल्लीच्या टोकाशी सेंट सेबास्टियनचं छोटं चॅपेल आहे, समोर जुनी विहीर. आतला क्रूस पाहण्यासाठी तरी तिथं जावं. क्रूसावरचा ख्रिस्त सहसा मान टाकलेला, डोळे मिटलेला असतो. इथं त्याचे डोळे सताड उघडे आहेत आणि मान ताठ. हा क्रूस जुन्या गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे धर्मन्यायपीठाच्या, वाड्यात होता. १८१२ मध्ये ते न्यायपीठ बंद झाल्यावर तो पणजीच्या आदिलशाही वाड्यात आला आणि १९१८ मध्ये इथं. ज्यांना त्या वाड्यात उभं केलं जाई, त्यांच्याकडे हे डोळे पाहत असतील. आता तिथं तीन बायका गुडघे टेकून बसल्या होत्या, एकीच्या मांडीवर झोपलेलं मूल. आम्ही मागच्या बाकावर बसलो. बाहेर आल्यावर कितीतरी वेळ आम्ही काहीच बोललो नाही.

तिथून मळ्यात जावं. टेकडीच्या कुशीतला झरा, ‘फोन्त फेनिक्स’, अजून आहे. कमानीखाली दगडात बांधलेला. त्याच्या वर टेकडीवर मारुतीचं देऊळ, भगवं, लांबूनही उठून दिसणारं. थंडीत त्याची जत्रा भरते तेव्हा खालच्या वाड्यातले रस्ते दुकानांनी भरतात. आम्ही गेलो तेव्हा मुलं एका मोकळ्या जागेत बांबूचा सांगाडा उभा करत होती. दिवाळी दोन-अडीच आठवड्यांवर आलेली, म्हणजे तो नरकासुर. गोव्यात नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री वाड्यावाड्यांत तो उभा राहतो आणि पहाटे जाळला जातो. एक मुलगा नुसत्या सांगाड्याच्या खांद्यावर बसून गवताच्या पेंढ्या बांधत होता. चॅपेलपासून हा नरकासुर चालत दहा मिनिटांच्या आत.

तिसऱ्या दिवशी सकाळी फुन्दासांव ओरिएंतमध्ये गेलो. पोर्तुगालच्या या प्रतिष्ठानचं पणजीतलं केंद्र फोंताइन्हासमध्येच आहे, आणि तिथं आन्तोनियो शाव्हिएर त्रिंदाद यांची चित्रं आहेत. त्रिंदाद १८७० मध्ये गोव्यात सांगे इथं जन्मले आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून तिथंच शिक्षक झाले. मराठी चित्रकारांच्या एका पिढीच्या घडणीत त्यांचा हात आहे. त्यांची मुलगी अँजेला हीसुद्धा मोठी चित्रकार. आपण जे. जे.चा इतिहास सांगतो तेव्हा हे नाव फार क्वचित येतं, याची मला खंत आहे. त्यांच्या व्यक्तिचित्रांतला प्रकाश बघताना मला आमच्या खोलीतली शिंपल्याची खिडकी आठवत राहिली. कुठून येतो ते न दाखवता चेहऱ्यावर उतरणारा. आधी वेळ विचारून जावं, सुट्टीच्या दिवशी हेलपाटा पडतो. आणि पूल ओलांडून पलीकडे पाटोला गेलात तर राज्याचं मध्यवर्ती ग्रंथालयही पाहा. १८३२ मध्ये स्थापन झालेलं हे ग्रंथालय देशातल्या सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी एक, आणि आज त्याला नाव आहे कृष्णदास शामा यांचं, ज्यांनी १५२६ मध्ये मराठीत कृष्णचरित्रकथा रचली.

फोंताइन्हासची शांतता हा खरा विषय. तिच्यापासून मोठमोठे आवाज कधी दूर नसतात. पाच-सात मिनिटं चाललं की मांडवीवर उभ्या असलेल्या जुगाराच्या बोटी, त्यांचे जळते-विझते दिवे, गाणी. तिकडून गल्लीत वळलं की पहिल्या दोन घरांतच आवाज तुटतो. मग ऐकू येतं ते भांड्यांचं, एखाद्या घरातल्या व्हायोलिनच्या शिकवणीचं, वरच्या मजल्यावरून खालच्या माणसाशी चाललेल्या बोलण्याचं. दुपारी एक ते साडेतीन दुकानं बंद. या वेळेला बाहेरचे लोक आळस म्हणतात, ते मला मुळीच पटत नाही. इतक्या जवळजवळच्या घरांत, इतक्या पातळ दारांआड सगळ्यांनी मिळून अडीच तास आवाज न करण्याचं ठरवलेलं आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्या ते पाळलं आहे. ही कमावलेली शांतता आहे.

ती मोडते कशी, तेही पाहिलं. रविवारी सकाळी नऊच्या सुमारास एक जोडपं लग्नाआधीचे फोटो काढायला आलं. बरोबर छायाचित्रकार, दोन मदतनीस, चंदेरी पडदा, कपड्यांची बॅग. त्यांना समोरच्या घराचं दार हवं होतं. छायाचित्रकारानं रंगाऱ्याला शिडी हलवायला सांगितली आणि त्या बिचाऱ्यानं हलवली. मुलगी पायरीवर बसली. मी खिडकीत उभी होते, आणि सहा वर्षांपूर्वी मी कशी दिसत असेन ते मला वरून दिसलं. दार उघडलं. सत्तरीच्या पुढच्या एक बाई बाहेर आल्या, फुलाफुलांचा झगा, हातात प्रार्थनेचं पुस्तक. चर्चला निघाल्या असाव्यात. त्यांना स्वतःच्या घरातून बाहेर पडायला वाट नव्हती. ‘‘मात्शें सरतलीं?’’ एवढंच त्या म्हणाल्या. जरा सरकाल का? आवाज चढला नाही. मुलगी लगबगीनं उठली, ओशाळली, तिनं आपला घोळ गोळा केला. बाई उतरून गेल्या. त्यांची पाठ वळल्यावर दोन मिनिटांनी ती परत पायरीवर बसली.

काकांना विचारलं तर म्हणाले, रोजचंच आहे. कोणी घंटा वाजवून आत येऊ का विचारतात, कोणी खिडकीतून फोन आत घालतात. कित्येक घरांनी फाटकावर ‘फोटो काढू नका’ अशा पाट्या लावल्या आहेत. ‘‘आमच्याकडे राहणाऱ्यांना मी पहिल्या दिवशी सांगतो, गल्लीचे फोटो काढा, माणसांच्या दारांचे नको. तुम्हाला सांगायला विसरलो.’’ नंतर जरा थांबून म्हणाले, ‘‘तुम्ही काढले नाहीत, म्हणून विसरलो.’’ एवढ्या साध्या वाक्यानं मला किती हायसं वाटलं, ते त्यांना कळलं नसेल. हॉटेलानं पाहुण्याला खोली देताना गल्लीची रीतही द्यावी. पाहुणा रात्री दहाला बाल्कनीत मोठ्यानं फोनवर बोलला तर समोरचं घर जागं होतं. आणि समोरच्या घरातली माणसं कंटाळून गेली, की उरतील ती नुसती रंगवलेली दारं.

खाण्याबद्दल थोडंसं. सकाळी साडेसहाला भोंगा ऐकू यायचा, ‘पोंप-पोंप’, रबरी फुग्याचा. पोदेर, म्हणजे पाववाला. सायकलच्या मागे मोठी टोपली, वर निळं प्लास्टिक. दारं एकेक करून उघडायची, हात बाहेर यायचे, नाणी वाजायची. पोळी घ्यावी, जिला बाहेरचे ‘पोई’ म्हणतात. कोंडा लावलेली, आतून पोकळ, हातात धरवत नाही इतकी गरम. काकांकडे नाश्त्याला ती आणि बटाट्याची पातळ भाजी असायची. एका सकाळी आम्ही चर्चच्या चौकाकडे चालत जाऊन कॅफे ताटोमध्ये पुरी-भाजी खाल्ली, तिथं शेजारच्या टेबलावर मराठी वर्तमानपत्र आणि कोंकणी वाद दोन्ही चालू होते. जेवणाचं लिहायला बसले तर माशांचं हुमण आणि भात यांवरच दोन पानं जातील, म्हणून थांबते.

निघायच्या दिवशी गाडी संध्याकाळची होती. दुपारी सामान खाली आणलं. काकांनी वर्तमानपत्रात बांधून चार पोळ्या दिल्या. ताईनं ‘देव बरें करूं’ म्हटलं, तीन दिवसांत शिकलेलं, आणि ते हसले. दार उचलून धरून मी शेवटचं कुलूप लावलं, चावी त्यांच्या हातात ठेवली.

बाहेर आलो तर समोरच्या घराला शिडी लागलेली होती. खरवडणं संपलं होतं आणि रंगारी अस्तराचा पहिला हात मारत होता. खिडकीचं उजवं अंग केव्हाच झाकलं गेलं होतं. चारांपैकी एकही पट्टा दिसत नव्हता. ‘‘कुठला ठरला?’’ ताईनं मान वर करून विचारलं. त्यानं ब्रश हातातच धरून दाराकडे बोट केलं. घरातल्या बाई अजून ठरवत होत्या. वरपासून खालपर्यंत ओला चुना लागलेला होता, आणि त्या एका दिवसापुरतं ते घर चॅपेलइतकं पांढरं दिसत होतं.